मामांचा पायगुण

मामांचा पायगुण चांगला, हे साबणाच्या त्या कारखान्यात लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं, असं म्हटलं असतं. पण कारखान्यात लहान पोरं कुठून असणार? तेव्हा एवढंच म्हणू, की गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मशीन अडून बसावी, ऑपरेटरनं कपाळाला हात लावावा, फोन जावा, आणि मामा पिशवी खांद्याला अडकवून दारात उभे राहायचा अवकाश, की मशीन सुरू! पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हरही बाहेर निघालेला नसायचा. ऑपरेटर म्हणायचा, "मामा, तुमचं पाऊल लागलं बघा." आणि मामा म्हणायचे, "मशीनला माणूस कळतं रे." म्हणायचे हसत हसत, पण ते वाक्य त्यांना घरी जाईपर्यंत पुरायचं.

मामा म्हणजे कारखान्यातले थोरले इलेक्ट्रिशियन. वय छप्पन्न, मिशी पांढरी, चष्मा दोरीनं गळ्यात. कारखान्यातलं मशीन-मशीनमधलं सगळं बोलणं त्यांच्या हातचं. आता तुम्ही म्हणाल, मशीन काय बोलतात? बोलतात की! हल्ली प्रत्येक मशीनला लोखंडी कपाटात बसवलेलं एक डोकं असतं. पीएलसी म्हणतात त्याला. कुठली झडप कधी उघडायची, सुरी कधी पाडायची, हे ते डोकं ठरवतं. पण एकट्यानं ठरवून भागत नाही. वाफ तयार झाली हे बॉयलरनं टाकीला सांगायचं, साबण आला हे टाकीनं कापणीला सांगायचं, वड्या निघाल्या हे कापणीनं पॅकिंगला सांगायचं. हे सगळं तारेवरून. बोलणं तुटलं की काम थांबलं. घरात तरी याहून वेगळं काय असतं?

तर अठरा वर्षांपूर्वी मामांनी या तारा स्वतः ओढल्या होत्या, आणि प्रत्येक डोक्याला पत्ताही स्वतःच दिला होता. पत्त्यातले पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, आडनावासारखे; शेवटचा मात्र ज्याचा त्याचा. तो कामगारांच्या लक्षात राहावा म्हणून मामांनी सरळ एकत्र कुटुंबच थाटलं. मुख्य कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. बॉयलर, नंबर अकरा, सासूबाई. कारण लवकर तापतात. ढवळायची टाकी, बारा, थोरली जाऊ. अंगानं जड, पण कामाला वाघ. कापणी, तेरा, नणंद. का, ते सांगायला नको. पॅकिंगची जुनी मशीन होती एकवीस नंबरला, तिचं नाव आत्याबाई. "सासूबाई बोलेनात!" अशी आरोळी ऐकून नवा माणूस दचकायचा, जुने खुशाल हसायचे.

सात वर्षांपूर्वी आत्याबाई थकल्या आणि भंगारात गेल्या. मामांनी लाल पेन्सिलीनं एकविसाच्या ओळीवर रेघ मारली आणि पुढं लिहिलं, 'आत्याबाई गेल्या. जागा रिकामी.' त्यानंतर बरीच वर्षं वड्या हातानंच कागदात गुंडाळल्या जात होत्या.

मामांच्या पिशवीत एक पत्र्याचा डबा असायचा, त्याबद्दलही आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. भंगारातला एक जुना पडदा उचलून मामांनी तो डब्यात बसवला होता, वर कडी लावली होती. बॉयलरच्या खोलीत भिंतीवर तारांच्या जाळ्याची एक खाच होती, तिच्यात त्याची तार खुपसली, की सगळ्या मशीनची उष्णता, दाब, वेग एका जागी दिसायचं. ते मामा वहीत उतरवायचे, शेजारी घड्याळ बघून वेळ टाकायचे. साडेदहाच्या चहानंतर एकदा, दुपारी मनाला येईल तेव्हा एकदा. वेळ ठरलेली नाही, नेम मात्र चुकायचा नाही. साहेबांनी दोनदा नवीन यंत्र घेऊन देतो म्हटलं, पण मामा म्हणाले, "आपल्या हातचं ते आपल्या हातचं."

मग पॅकिंगची नवी मशीन आली, आणि तिच्याबरोबर नवी इंजिनीअर. तिशीतली बाई, कमी बोलणारी, केस घट्ट बांधलेले, काखेत कायम लॅपटॉप. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं नाव पडलं लॅपटॉपबाई. सहा महिन्यांची बोली होती. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. जुनं गाव सोडून, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन, कारखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती राहायला आली होती. वडिलांची आरामखुर्ची टेम्पोत सगळ्यात वर बांधून आणली होती, ती उतरवायला मामांनीच हात लावला होता. तेव्हा असं काही पुढं होईल, असं कोणाच्या मनातही नव्हतं.

मशीन बसली तेव्हा ती रीतीप्रमाणे विचारायला आली. "मामा, यादीत एकवीस रिकामा दिसतोय. देऊ का या नव्या मशीनला, आपल्या धाकटीला?"

"दे की," मामा म्हणाले. "आत्याबाईंची जागा आहे, सांभाळून राहा म्हणावं."

पाच महिने मशीन जोडणीत आणि कोरड्या चाचण्यांत गेले. त्या काळात तिची तार बाकीच्यांशी जोडलेलीच नव्हती. शेवटच्या महिन्यात ती जोडली, खऱ्या वड्या आल्या, आणि धाकटीनं रंग दाखवायला सुरुवात केली. तासन्‌तास गुणी सुनेसारखी चालायची. मग एकदम लाल दिवा, पडद्यावर 'संपर्क तुटला', आणि मागून येणाऱ्या वड्यांचा पट्ट्यावर ढीग. पॅकिंगचा ऑपरेटर अंगानं काडी, म्हणून त्याचं नाव पैलवान. तो दोन्ही हातांनी वड्या गोळा करायचा आणि ओरडायचा, "मामांना फोन लावा!"

मामा बॉयलरकडं असायचे. फोन आला की वही मिटायची, डबा पिशवीत घालायचा, आणि आवार ओलांडून पॅकिंगला यायचं. ते दारात पोचेपर्यंत लाल दिवा गेलेला असायचा. पैलवान बटण दाबायचा, धाकटी सुरू.

"बघा!" पैलवान लॅपटॉपबाईकडं बघून म्हणायचा. "पायगुण म्हणतात तो हा."

चांगला पायगुण एकाच्या नावावर जमा झाला, की वाईट कोणाच्या तरी वाट्याला येतोच. तो कोणाच्या वाट्याला आला, हे तिला कळत होतं. डबा खाताना बायका बोलायच्या थांबायच्या ती आली की.

पण हात बांधून बसणाऱ्यातली ती नव्हती. तिनं तार बदलली. तारेची दोन्ही टोकं बदलली. दुसऱ्या खाचेत जोडून पाहिली. मोटरांच्या जाड तारांजवळून तिची तार जात होती, ती सोडवून वेगळ्या वाटेनं नेली, शिडीवर चढून, स्वतः. मग लॅपटॉप लावून ती मशीनला सारखी हाक मारत बसली. तसं करता येतं. एकवीस नंबरला हाक मारायची, तिकडून ओ आली की समजायचं रस्ता ठीक आहे. आणि रोज कागदावर लिहायची, किती वाजता बंद पडली, किती वाजता सुरू झाली.

एके दिवशी ती मामांकडं आली. "मामा, एक गंमत आहे. मशीन बंद असते, संपर्क तुटला म्हणते, पण मी हाक मारली की ओ येते. व्यवस्थित येते. मग ओ देतंय कोण?"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. खरं सांगायचं तर प्रश्न त्यांना नीट कळला नव्हता, आणि कळला नाही असं म्हणायची त्यांना सवय राहिली नव्हती. "तार कच्ची असली ना बाई, की असंच होतं. अर्धं जातं, अर्धं येतं. चहा झाला की सगळ्या मोटरा एकदम सुरू होतात, तो धक्का तुझी तार खाते. माझं जाळं अठरा वर्षं हललेलं नाही."

"पण तार तर मी—"

"बदललीस, माहीत आहे. पुन्हा बदल."

तिनं पुन्हा बदलली. आणि आपल्या कागदाची एक प्रत मामांना दिली, वेळ मिळाला तर बघा म्हणून. मामांनी घडी घालून वहीत ठेवली आणि विसरले.

महिना संपत आला. साहेबांनी मामांना आत बोलावलं. "शनिवारी हिचे सहा महिने पुरे होतात. मशीन तर अशी. तुमचं मत लेखी द्या, म्हणजे मला निर्णय घेता येईल." मामांनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं: 'नव्या मशीनच्या तारेचं काम कच्चं आहे. जुन्या जाळ्यात दोष नाही.' खाली झोकदार सही. लिहिताना हात जरासा अडला होता, नाही असं नाही. पण खोटं थोडंच लिहीत होते? जे वाटत होतं तेच लिहिलं. साहेब म्हणाले, "मग शनिवारी हिला निरोपाचं पत्र देऊन टाकतो. बाहेरच्या कंपनीला सांगू, सगळं उखडून नव्यानं करा." मामांनी मान हलवली.

त्याच आठवड्यात मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मामांनी बुधवार, गुरुवार रजा टाकली. बुधवारी ऑपरेशन झालं, संध्याकाळी मामी घरी आल्या त्या डोळ्यावर पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्यानं आधीच बेताचं दिसायचं. जिभेला मात्र कुठलीच पट्टी नव्हती.

गुरुवारी दुपारी मामांना राहवेना. त्यांनी पैलवानला फोन लावला. "काय रे, धाकटी काय म्हणते?"

"मामा, काल नाही, आज नाही. एकदाही बंद नाही!"

मामांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. फोन ठेवून ते खिडकीशी उभे राहिले.

"काय झालं?" मामींनी पलंगावरून विचारलं.

"दोन दिवस मशीन बंद पडली नाही म्हणे."

"तुम्ही नाही, तर बरं चाललंय म्हणायचं," मामी म्हणाल्या आणि हसल्या. मग हसताना डोळा दुखला म्हणून 'आई गं' म्हणाल्या. "हे बघा, मला कंटाळा आलाय. टीव्ही नाही, पेपर नाही. काहीतरी वाचून दाखवा."

"घरात माझी वही सोडून आहे काय वाचायला?"

"मग वही वाचा. अठरा वर्षं बघतेय, त्या वहीत असं काय असतं ते कळू दे तरी."

मामांनीही गंमत म्हणून वही उघडली आणि गोष्ट सांगावी तसं वाचायला लागले. "ऐक हं. सोमवार. सासूबाई, अकरा वाजून पाच मिनिटं, दाब ठीक. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, दाब थोडा कमी. मंगळवार. दहा पन्नास. नंतर साडेतीन…"

"रटाळ आहे हो," मामी म्हणाल्या. "पण आवाज चांगला लावलाय. चालू द्या."

मामा गेल्या महिन्याचे सगळे दिवस वाचत गेले. पान उलटताना लॅपटॉपबाईचा घडी घातलेला कागद खाली पडला. "आणि हे बघ, आमच्या बाईंचं पुराण. मशीन कधी बंद पडली त्याची यादी."

"तेही वाचा."

"सोमवार. अकरा वाजून सहा मिनिटं. तीन वाजून अकरा. मंगळवार. दहा एक्कावन्न. तीन एकतीस…"

"अहो, तेच परत काय वाचताय?"

"तेच कुठं? ते माझं होतं, हे तिचं."

"मग सारखं कसं?" मामी पट्टीसकट उठून बसल्या. "मला दिसत नाही, ऐकू तर येतं ना! तुमचं अकरा पाच, तिचं अकरा सहा. तुमचं दहा पन्नास, तिचं दहा एक्कावन्न. एकाच लग्नाच्या दोन पत्रिका असल्यासारख्या!"

मामा हसायला गेले आणि हसू तोंडातच राहिलं. त्यांनी वही आणि कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ओळीवर ओळ, बोटं लावून. एका मिनिटाचा फरक. कुठं तोही नाही. एक ओळ चुकेल, दोन चुकतील म्हणून ते खाली खाली जात राहिले. एकही चुकली नाही. ते जेव्हा जेव्हा डबा लावत होते, तेव्हा तेव्हा धाकटी बंद पडत होती.

त्यांनी पिशवी ओढली, डबा काढला, त्याची विजेची तार भिंतीतल्या प्लगला लावली. सात वर्षांत या डब्याच्या पोटात काय आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पडदा उजळला. दोन बटणं दाबून ते आतल्या पानावर गेले, जिथं पत्ता लिहिलेला असतो. पहिले तीन आकडे घरचे. शेवटचा एकवीस.

कारण तो पडदा आत्याबाईंचा होता. भंगारात जाताना मामांनीच तो सोडवून घेतला होता. पडदा आणि डोकं एकाच तुकड्यात, टाकवेना म्हणून. आत्याबाई गेल्या असं लाल पेन्सिलीनं लिहिलं ज्यांनी, त्यांच्याच पिशवीतून आत्याबाई रोज कारखान्यात येत होत्या, आणि आपल्या जुन्या जागेवर बसत होत्या. जागा रिकामी होती तोवर कोणाला त्रास नव्हता. आता एका नंबरला दोन बायका. कापणी एकविसाला निरोप द्यायची, तो डब्याकडं यायचा, आणि धाकटी वाट बघून बघून बंद पडायची. लॅपटॉपबाई हाक मारायची, तेव्हा ओ द्यायचा तो डबा. मग फोन यायचा, मामा डबा काढून पिशवीत टाकायचे, आणि दारात पोचेपर्यंत सगळं ठीक.

पायगुण! मामांना स्वतःचीच किळस आली.

"बोला की," मामी म्हणाल्या. "गप्प झालात म्हणजे काहीतरी आहे."

त्यांनी सांगितलं. मामी आधी पोट धरून हसल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! तोही कडी लावलेला कळसा!" मग नवरा हसत नाही असं ऐकू आलं, तेव्हा थांबल्या. "त्या पोरीचं काय?"

"काय म्हणजे? सापडलं ना आता. दोन मिनिटांचं काम. डब्याला एकविसाऐवजी चाळीस नंबर देतो. उद्यापासून मशीन चालेल."

"मशीनचं नाही विचारलं मी."

मामा चिडले. चूक लक्षात आली की माणूस आधी चिडतोच. "मग काय करू? चारचौघांत उभा राहून सांगू, की मी गाढव आहे? अठरा वर्षं लागली मला हे नाव कमवायला!"

"अठरा वर्षांचं नाव आहे, मग त्याला एक दिवस झेपेल की," मामी म्हणाल्या आणि उशीला टेकल्या. "तिचं तर अजून व्हायचंय."

मामांनी डब्याच्या बटणावर बोट ठेवलं होतं. चाळीस करायला खरोखरच दोन मिनिटं पुरली असती. कोणाला काही कळलं नसतं. उलट रजेवरून आल्या आल्या मामांनी मशीन सुधारली असंच झालं असतं. आणि शनिवारी ती पोरगी मामांच्या झोकदार सहीचा कागद घेऊन गेटबाहेर पडली असती. मामांनी बोट काढलं. डब्यात एकवीसच राहू दिला, आणि तार गुंडाळली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी साहेबांना पॅकिंगला बोलावून घेतलं. लॅपटॉपबाई होती, पैलवान होता, कापणीवरच्या दोघी होत्या. धाकटी झोकात चालली होती. आजवर मामांनी तिच्या कपाटाला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या कामात आपण कशाला, असं म्हणत, पण खरं म्हणजे थोडा रुसवा होता. आज त्यांनी कपाट उघडलं, डबा खाली ठेवला, तार खाचेत लावली.

लाल दिवा. 'संपर्क तुटला.' वड्यांचा ढीग.

मामांनी तार काढली. अर्ध्या मिनिटात दिवा गेला. पैलवाननं बटण दाबलं, मशीन सुरू.

"पुन्हा करा," साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा केलं. आणि तिसऱ्यांदाही, कोणी न सांगता.

"याचा अर्थ काय?" साहेबांनी विचारलं.

"अर्थ मी आहे, साहेब. माझ्या डब्याचा आणि या मशीनचा नंबर एक आहे. यादीत रिकामा लिहिलाय, तो मी लिहिलाय. घे म्हणालो, तेही मीच. बाईंची तार पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे."

पैलवान डोकं खाजवत होता. "पण मामा, तुम्ही आलात की सुरू व्हायची ती!"

"मी आलो म्हणून नाही रे. तिकडून निघालो म्हणून."

कोणीतरी फिसकन हसलं. लॅपटॉपबाई हसली नाही. ती डब्याकडं बघत होती. "ओ देतंय कोण, असं मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज मात्र चढला नव्हता. "त्याच दिवशी मी शोधून काढलं असतं, मामा. तुम्ही म्हणालात तार कच्ची, म्हणून सोडून दिलं. तुम्ही म्हणालात म्हणून! महिनाभर मी स्वतःला मूर्ख समजतेय. काल बाबांची आरामखुर्ची मी परत दोरीनं बांधून ठेवली."

मामांना ती खुर्ची आठवली. टेम्पोवरून उतरवताना तिचा एक पाय त्यांच्या हातात होता. "चुकलो, पोरी," ते म्हणाले. "याहून आणखी काय म्हणू?"

ती वड्या गोळा करायला वाकली.

मामा साहेबांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेले आणि आपला आधीचा कागद मागितला. साहेब म्हणाले, फाइलला लागलाय. मामा म्हणाले, फाइल द्या. त्याच कागदाखाली, त्याच पेननं त्यांनी लिहिलं: 'वरील मजकूर चुकीचा आहे. तारेचं काम पक्कं आहे. बिघाड रोज माझ्या पिशवीतून कारखान्यात येत होता.' आणि सही.

"एवढं लिहायची गरज नव्हती, मामा," साहेब वाचून म्हणाले.

"वरचं लिहिताना असं म्हणाला नव्हतात."

शनिवारी तिला पत्र मिळालं, कायम केल्याचं. पैलवाननं पेढ्यांची मागणी केली, ती तिनं कानाआड केली. आणि मामांशी कामापुरतं बोलली, तेही आठवडाभर. मामांनी त्याचं वाईट वाटून घेतलं, पण बोलून दाखवलं नाही. एवढं तरी आपल्याला सोसायला हवं, असं त्यांनी मामींना सांगितलं. मामी म्हणाल्या, "पट्टी सुटली माझी. आता चेहरा दिसतो तुमचा. खरंच वाईट वाटतंय."

पुढच्या सोमवारी मामांनी कपाटाच्या दाराची यादी सोडवली, आणि लाल पेन्सिलीसकट लॅपटॉपबाईच्या टेबलावर ठेवली. "यापुढं ही तुझ्याकडं. मी आकडे विसरतो." संध्याकाळी यादी परत दारावर चिकटलेली होती. नवा कागद, दुसरं अक्षर, सासूबाईंपासून सगळं घर जिथल्या तिथं. एकविसाला धाकटी. आणि सगळ्यात खाली एक ओळ नवी: मामांचा डबा, नंबर चाळीस. नात्याच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'पाहुणा. सांगून यावे.'

मामा कपाटासमोर उभे राहून खूप वेळ हसले. मग त्यांनी डब्याला चाळीस नंबर दिला.

आता काही गरज उरलेली नाही, नंबर वेगळे आहेत, डबा कुठंही लावला तरी कोणाचं काही अडत नाही. तरीसुद्धा रोज चहा झाला, की मामा बॉयलरच्या खोलीत जातात, तार हातात धरतात, आणि आधी पॅकिंगला फोन करतात.

"पाहुणा आलाय गं. लावू का?"

तिकडं ती मान वळवून मशीनकडं एकदा बघून घेते. "लावा, मामा. धाकटी चालू आहे."